आहार, ताण आणि मन : एका सप्ताहाने दिलेला धडा

।। श्रीगुरुदेव दत्त ।।

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दत्तजयंती दोन दिवसांवर आली होती. पेणला आमच्या देवळात मंडपाचं काम चाललं होतं, मी तिथेच होतो. सकाळी साडेनऊच्या सुमारास रोह्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, जमलं तर लगेच निघा. आई काहीतरी विचित्र बोलतेय."

आक्का माझी थोरली बहीण. तेव्हा तिचं वय ७६. दरवर्षी मार्गशीर्षात ती गुरुचरित्राचा सप्ताह करते. नियम कडक. सात दिवस अळणी, तिखट नाही, आंबट नाही, एकवेळ दूधभात आणि साजूक तूप, झोपायला चटई. लग्न होऊन रोह्याला गेल्यापासून तिने हे कधी चुकवलं नव्हतं.

मी पोचलो तेव्हा आक्का पोथीपुढेच बसलेली होती. समई तेवत होती, पोथी छत्तिसाव्या अध्यायावर उघडी. पण ती तीच तीच ओवी पुन्हा पुन्हा वाचत होती, पुढे सरकतच नव्हती. मला पाहिलं आणि म्हणाली, "नाना, तुम्ही कधी आलात?" नाना म्हणजे आमचे वडील. त्यांना जाऊन तेव्हा ३८ वर्षं झाली होती.

घरात दोन मतं पडली होती. शेजारच्या काकू म्हणत होत्या, सप्ताहात दृष्टांत होतात, हात लावू नका, वाचन पुरं होऊ द्या. सूनबाई रडवेली झाली होती, कारण पहाटे न्हाणीघरात जाताना आक्काचा तोल गेला होता. मी ३४ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पण खरं सांगतो, त्या क्षणी माझाही निर्णय होईना. देवापुढून बाईला उठवायचं कसं? शेवटी भाचाच म्हणाला, "मामा, देव कुठे जात नाही. आधी डॉक्टरांकडे नेऊ."

रक्त तपासलं. साखर ठीक होती, डोक्याच्या तपासणीतही काही निघालं नाही. रक्तातलं सोडियम मात्र फार खाली गेलं होतं. ते १३५ ते १४५ च्या दरम्यान असावं लागतं, आक्काचं १२० च्याही खाली होतं. डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले : बीपीची गोळी कोणती चालू आहे, आणि गेले काही दिवस जेवण काय होतं?

तिथे सगळा उलगडा झाला. हा लेख मी त्या दोन प्रश्नांमुळे लिहितो आहे. आपल्या अंकाच्या वाचकांत माझ्या आणि आक्काच्या वयाची मंडळी पुष्कळ आहेत. व्रतं पाळणारी आहेत, गोळ्या घेणारी आहेत, आणि मनातली काळजी कुणाला न सांगणारीही आहेत.

मीठ कमी झालं तर बुद्धी का फिरते?

बीपीच्या पुष्कळ गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं. ते शरीरातलं पाणी आणि मीठ बाहेर टाकतं, म्हणून रक्तदाब उतरतो. औषध चांगलंच आहे. पण त्यातच पाच दिवस अळणी जेवण, शिवाय "उपवास आहे, पाणी भरपूर प्या" म्हणून तांब्यावर तांबे पाणी. म्हणजे मीठ बाहेर जातंय, आत येत नाही, आणि उरलंय ते पाण्याने पातळ होतंय.

रक्त असं पातळ झालं की पाणी पेशींच्या आत शिरतं आणि पेशी फुगतात. हाताच्या, पायाच्या पेशी थोड्या फुगल्या तर बिघडत नाही, त्यांना जागा असते. मेंदू मात्र कवटीच्या पेटीत बंद. तिथे फुगायला जागा नाही. मग माणूस गोंधळतो, असंबद्ध बोलतो, तोल जातो, जास्त झालं तर झटके येतात, जीवही जातो. म्हाताऱ्या माणसात हे लवकर होतं, कारण वयानुसार मूत्रपिंडाची पाणी-मिठाचा मेळ घालण्याची ताकद कमी होते.

यावर घरी मीठपाणी पाजणं हा उपाय नव्हे. सोडियम फार भराभर वाढवलं तरी मेंदूला इजा होते. ते दवाखान्यातच, तपासत तपासत, सावकाश वाढवावं लागतं. आक्काला चार दिवस लागले. तिसऱ्या दिवशी तिने मला "बाळू" म्हणून हाक मारली आणि मी व्हरांड्यात जाऊन डोळे पुसले.

पण शुद्धीवर आल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "माझं व्रत मोडलं का रे?"

त्या प्रश्नाकडे मी शेवटी येतो.

मेंदू काय खातो?

आपला मेंदू साधारण सव्वा ते दीड किलोचा. म्हणजे शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के. पण आपण जे खातो त्यातल्या सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो. घरात पन्नास माणसं आणि एकच माणूस दहा जणांचं जेवतो, असा हा प्रकार. शिवाय त्याच्याकडे कोठार नाही. स्नायू आणि यकृत थोडी साखर साठवून ठेवतात, मेंदूला मात्र रक्तातून सतत पुरवठा लागतो.

म्हणून मधुमेहाची गोळी घेऊन जेवण टाळलं की पहिला परिणाम हातापायांवर न दिसता स्वभावावर दिसतो. माणूस चिडतो, घामाघूम होतो, भलतंच बोलतो. घरचे म्हणतात, "उपासाने डोकं फिरलंय." ते अक्षरशः खरं असतं.

नुसत्या साखरेवर मेंदूचं भागत नाही. एका पेशीने दुसरीला निरोप द्यायला जी रसायनं लागतात, ती प्रथिनांपासून बनतात. ती बनवायला लोह, ब जीवनसत्त्वं, जस्त लागतं. मज्जातंतूंवर एक स्निग्ध आवरण असतं. विजेच्या वायरीवर प्लास्टिक असतं ना, तसं. ते विरलं की निरोप अडखळतात. "जसं अन्न तसं मन" असं आपण म्हणतो, त्यातलं निम्मं शास्त्र एवढ्यातच आलं.

आता माझी गोष्ट

आक्काचं सांगितलं आणि माझं झाकलं, असं नको.

निवृत्तीनंतर मिळालेली बरीचशी रक्कम मी एका पतसंस्थेत ठेवली होती. ती अडकली. नाव सांगत नाही, आता त्याचा उपयोगही नाही. तो काळ असा गेला की रात्री दोन वाजता जाग यायची आणि पहाटेपर्यंत हिशेब चालायचा. बायकोला सांगितलं नव्हतं. दिवसाला सात-आठ कप चहा. जेवण नको वाटायचं, पण चारच्या सुमारास फरसाण, बिस्किटं, कधी वडापाव. छातीत जळजळ सुरू झाली. औषधाच्या दुकानातून आम्लपित्ताची गोळी आणली. बरं वाटलं. म्हणून रोज घेऊ लागलो. एक महिना, एक वर्ष, चार वर्षं. कुणाला विचारलं नाही.

हळूहळू तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. नावं आठवेनात. एकदा रामवाडीच्या एसटी स्थानकावर उभा होतो आणि कुठल्या गाडीसाठी आलो तेच आठवेना. देवळात आरती चालू असली तरी मन कोरडं. नातवाने हाक मारली तरी त्रास व्हायचा. मला वाटलं, संपलं. विस्मरणाचा आजार लागला. तेही कुणाला सांगितलं नाही.

शेवटी बायकोनेच ओढत डॉक्टरांकडे नेलं. निघालं काय? बी-१२ जीवनसत्त्व अगदी तळाला गेलेलं.

आता ही साखळी बघा. पैशाची काळजी, त्यातून झोपमोड आणि चहा, त्यातून पित्त, पित्तावर गोळी, गोळीमुळे पोटातलं आम्ल कमी, आम्ल कमी म्हणून अन्नातलं बी-१२ सुटं होईना, बी-१२ नाही म्हणून मज्जातंतूंचं आवरण विरळ, आणि त्यातून पुन्हा उदासी आणि विसराळूपणा. सुरुवात मनात, वाटेत पोट, शेवट मेंदूत. शाळेत मी पचनसंस्था हा धडा वेगळा शिकवायचो आणि मज्जासंस्था वेगळी. स्वतःच्या शरीरात दोन्ही धडे एकाच पानावर निघाले.

ताण म्हणजे शरीरात नेमकं काय होतं?

वाटेत साप दिसला की छाती धडधडते, हात गार पडतात, भूक मरते. हे शरीराचं शहाणपण आहे. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात, त्यांतून ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही द्रव्यं सुटतात. रक्त स्नायूंकडे वळतं, साखर वाढते, पचन थांबतं. पळायचं आहे ना, मग जेवण कशाला पचवायचं? साप गेला की सगळं पुन्हा जागेवर येतं.

पण काळजी नावाचा साप रात्री दोन वाजताही उशाशी असतो. मग कॉर्टिसॉल चढतं ते उतरत नाही. झोप उडते, गोड आणि तळलेलं खावंसं वाटतं, पोटावर चरबी साठते, आणि स्मरणशक्तीचं काम करणारा मेंदूचा भागही मंदावतो. पोटाच्या भिंतीत तर मज्जापेशींचं स्वतंत्र जाळंच आहे, कोट्यवधी पेशींचं. ते एका लांब नसेने मेंदूशी जोडलेलं असतं, आणि त्या नसेतले बहुतेक निरोप पोटाकडून वर जाणारे असतात. परीक्षेच्या दिवशी पोटात कालवतं, वाईट बातमी ऐकून घास उतरत नाही, ते यामुळे. मन शांत ठेवणाऱ्या रसायनांत सेरोटोनिनचं नाव घेतात. त्यातलं ९० टक्क्यांहून अधिक आतड्यात तयार होतं. ते तिथून थेट मेंदूत जात नाही, मेंदू स्वतःचं वेगळं बनवतो, हेही लक्षात ठेवावं. नाहीतर "अमुक खा आणि आनंदी व्हा" अशा जाहिरातींना आपण बळी पडतो.

पेणमध्ये हे समजवायला लांब जावं लागत नाही. हमरापूर-जोहे भागात गणपतीच्या कारखान्यांत शेवटचा महिना कसा जातो, ते आपण दरवर्षी पाहतो. रात्र-रात्र जागरण, चहावर चहा, हातात येईल ते खाणं. विसर्जनानंतर कितीतरी कारागिरांना आठवडाभर उदास, गळून गेल्यासारखं वाटतं. त्यांच्या भक्तीत काही कमी नसतं. शरीराने उधार आणलेली शक्ती परत मागितलेली असते.

पुण्याचा अभ्यास : आपल्यासाठी आरसा

बी-१२ माझ्या एकट्याचं दुखणं नव्हे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या विषयावर अनेक वर्षं काम केलं आहे. त्यांनी पुणे परिसरातल्या खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं. २००६ साली ते प्रसिद्ध झालं. त्यात ६७ टक्के पुरुषांमध्ये बी-१२ कमी निघालं. सगळ्यांत जास्त कमतरता कुठे? ज्यांना खायला भरपूर मिळतं त्या शहरी मध्यमवर्गात. तिथे ८१ टक्के.

कारण साधं आहे. बी-१२ धान्यात नाही, डाळीत नाही, भाजीत नाही. ते जिवाणू बनवतात आणि आपल्यापर्यंत दूध, दही, ताक, अंडी, मासे, मटण यांतून येतं. रोजची गरज फार थोडी, दोन-अडीच मायक्रोग्रॅम. म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाची दुप्पट-अडीचपट. पण दूध म्हणजे दिवसभरात चहात पडलेलं चार चमचे, एवढंच असेल तर तीही भागत नाही. वय झालं की पोटातलं आम्ल आपसूकच कमी होतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी अनेक वर्षं घेतली तरी बी-१२ घटतं, आम्लपित्ताच्या गोळीनेही घटतं. यकृतात काही वर्षं पुरेल एवढा साठा असतो, म्हणून कमतरता कळायला उशीर होतो. कळते तेव्हा लोक म्हणतात, "वय झालं, विसरायचंच."

शाकाहार सोडा, असं मी मुळीच म्हणत नाही. मी स्वतः सोडला नाही. फक्त रक्त तपासून घ्या. मला इंजेक्शनं दिली, नंतर गोळ्या. मुंग्या पुष्कळ कमी झाल्या, थोड्या राहिल्या. उशीर झाला तर काही नुकसान भरून येत नाही, हे त्या मुंग्या मला रोज सांगतात.

मिठागरांच्या तालुक्यात आयोडीनची गोष्ट

आपल्या खाडीकाठी मिठागरं होती. जाडं मीठ घरात असणं हे आमच्या लहानपणी भूषण वाटायचं. आजही लोणच्याला, मासे खारवायला ते चांगलंच. पण रोजच्या जेवणात केवळ जाडं मीठ किंवा उपवासाचं सैंधव वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्यात आयोडीन मुद्दाम मिसळलेलं नसतं. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी आयोडीनवर चालते. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं. ही ग्रंथी मंदावली की माणूस सुस्त होतो, थंडी वाजते, बद्धकोष्ठ होतं, मन खिन्न राहतं, बोलणं आणि विचार संथ होतात. ग्रंथी मंदावण्याची इतरही कारणं असतात, पण मीठ हे आपल्या हातातलं आहे. आपल्या देशात गलगंड निर्मूलनाचा कार्यक्रम १९६२ सालीच सुरू झाला, आणि खाण्याचं मीठ आयोडीनयुक्तच विकावं असा नियम २००६ मध्ये पुन्हा लागू झाला, तो यासाठी.

जे समुद्राचे मासे खातात त्यांना थोडं आयोडीन तिथूनही मिळतं. जे मासळी सोडून माळकरी झाले आणि त्याच वेळी सैंधवावर आले, त्यांचं दोन्हीकडून कमी होतं. सैंधव उपवासापुरतं ठेवावं. आणि आयोडीनचं मीठ म्हणजे जास्त मीठ नव्हे. दिवसाला एक लहान चमचा, ५ ग्रॅमच्या आत. पेणचे पापड, मिरगुंडं, लोणची यांतलं मीठही त्यातच मोजायचं.

दत्तगुरूंनी काय शिकवलं?

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताचे चोवीस गुरू आहेत. त्यांत आहारावर शिकवणारे तीन तरी सापडतात. मासा गळाला लागतो तो चवीपायी. जिभेवर ताबा नसेल तर बाकीचा संयम फुकट, असा त्याचा आशय. भुंगा प्रत्येक फुलातून थोडं थोडं घेतो, म्हणजे विविध घ्यावं आणि मोजकं घ्यावं. अजगर मिळेल त्यात समाधान मानतो. आजचा आहारशास्त्रज्ञ यापेक्षा फार वेगळं काय सांगतो?

गीतेच्या सहाव्या अध्यायातही अति खाणारा आणि अजिबात न खाणारा, दोघांनाही योग साधत नाही, असंच सांगितलं आहे. आपल्याच पेण तालुक्यातल्या गागोदे गावी १८९५ साली जन्मलेले विनोबा गीतेचे मोठे भाष्यकार. आहाराचे प्रयोग त्यांनी आयुष्यभर केले. ज्या आश्रमजीवनात ते घडले, त्या साबरमतीच्या एकादश व्रतांत 'अस्वाद' हे एक व्रत होतं. अस्वाद म्हणजे चवीची गुलामी नको. उपासमार करा, असा त्याचा अर्थ नाही.

आणि गुरुचरित्राचा तेरावा अध्याय आठवा. आक्काच्या आजारपणात दवाखान्याच्या बाकावर बसून मी तो पुन्हा वाचला. गोदावरीकाठी एक ब्राह्मण पोटशूळाने इतका गांजला होता की जीव द्यायला नदीत उतरला. दुखण्याच्या भीतीने तो जेवतच नसे. श्रीनृसिंहसरस्वतींनी काय केलं? आधी त्याला पाण्यातून परत बोलावलं. मग जवळ बसवून त्याचं दुःख विचारलं. आणि सायंदेवाला सांगितलं, याला घरी नेऊन पोटभर जेऊ घाल. सायंदेव घाबरला, जेवून हा मेला तर? गुरूंनी त्याला निश्चिंत केलं, आणि स्वतःही त्याच पंक्तीला गेले.

हा चमत्कार म्हणून आपण हात जोडतो, जोडावेतच. पण त्यातला क्रमही बघावा. दुखणाऱ्या पोटाने मन मरणापर्यंत नेलं होतं. गुरूंनी त्या माणसाला दोष दिला नाही, आणखी कडक उपास सांगितला नाही. ऐकून घेतलं, अन्न दिलं आणि सोबत दिली. आजच्या डॉक्टरांना विचारलं तरी ते याच तीन गोष्टी सांगतील, औषध वेगळं.

अन्नाने उदासी जाते का?

पूर्ण जाते असं म्हणणं खोटं ठरेल. काहीच फरक पडत नाही, हेही खरं नाही. ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका यांच्या गटाने उदासीनतेचा आजार असलेल्या ६७ जणांवर बारा आठवड्यांचा प्रयोग केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना आहारतज्ज्ञाने भाज्या, फळं, कडधान्यं, सबंध धान्य, मासे, सुकामेवा असं जेवण बसवून दिलं. बाकीच्यांना त्याच वेळात नुसती गप्पांची सोबत दिली. पहिल्या गटातले ३२ टक्के लोक आजारातून बाहेर आले, दुसऱ्या गटातले ८ टक्के. प्रयोग लहान होता, आणि ज्यांची औषधं चालू होती त्यांनी ती थांबवली नव्हती. म्हणजे आहार हा औषधाचा सोबती आहे, बदली नव्हे.

आपल्याकडे हे जेवण महाग पडत नाही. वालाचं बिरडं, पावटा, मटकी, तांदळाच्या जोडीला नाचणीची भाकरी, माठ-मुळ्याची पालेभाजी, ताक, मूठभर शेंगदाणे, पेरू, केळं. मासे खाणाऱ्यांना बांगडा. माघात शेतावर पोपटी लावतो, तेव्हा मडक्यातल्या शेंगा खाताना चार माणसं एकत्र हसतात, तेही औषधच. हे सगळं आईच्या स्वयंपाकघरात होतं. मध्ये आपण बिस्किटांच्या पुड्याला जागा दिली.

जपाबद्दलही एक सांगतो. इटलीतल्या बर्नार्दी नावाच्या डॉक्टरांनी २००१ मध्ये दाखवलं की तिकडची जपमाळ किंवा आपल्याकडचा मंत्र लयीत म्हटला की श्वास मिनिटाला साधारण सहावर येतो, आणि हृदयाचा ताल सुधारतो. माळ ओढताना मन निवतं, ते असं शरीरातूनही निवतं. पण घाईघाईने, अध्याय उरकण्यासाठी वाचलं तर हा लाभ नाही.

सप्ताहाला बसण्यापूर्वी

आक्काच्या दुखण्यानंतर आम्ही घरात काही नियम केले. ते इथे देतो.

१. सप्ताहाच्या पंधरा दिवस आधी डॉक्टरांना भेटा. गोळ्यांची चिठ्ठी दाखवा आणि "मी सात दिवस असं असं खाणार आहे" हे स्पष्ट सांगा. गोळी आपल्या मनाने बंदही करू नका, चालूही ठेवू नका.

२. बीपीची गोळी चालू असेल तर पूर्ण अळणी करू नका. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर निराहार करू नका.

३. हविष्यान्नात दूध, तूप, भात आहेच. जिथे रीत असेल तिथे मुगाचं वरण, फळं जोडा. नुसता साबुदाणा आणि बटाटा यावर आठवडा काढू नका.

४. पाणी तहानेप्रमाणे प्या. तांबे मोजून पिऊ नका.

५. दुपारी चारनंतर चहा नको. चहातलं उत्तेजक द्रव्य रात्री झोपेपर्यंत रक्तात रेंगाळतं.

६. साठीनंतर वर्षातून एकदा बी-१२, थायरॉईड, हिमोग्लोबिन, साखर आणि सोडियम तपासून घ्यावं का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा.

७. अचानक असंबद्ध बोलणं, तोल जाणं, माणसं न ओळखणं हे झालं तर दृष्टांत म्हणून थांबू नका. आधी दवाखाना.

८. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक आणि उत्साह गेला असेल, जगणं नको वाटत असेल, तर ते भक्ती कमी पडल्याचं लक्षण नव्हे. घरात बोला. सरकारची 'टेली मानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं.

आठव्या नियमावर मी स्वतः नापास झालो होतो, म्हणून तो जास्त जीव तोडून सांगतो. पैसे अडकल्याचं बायकोला अखेर सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मला कधीच कळलं होतं. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते." पैसे आले नाहीत. झोप मात्र त्याच रात्री आली.

व्रत मोडलं का?

आता आक्काचा प्रश्न. ती घरी आली तरी खिन्नच होती. पोथीकडे बघायची आणि तोंड फिरवायची. शेवटी तिच्या घरी येणारे वृद्ध गुरुजी भेटायला आले. त्यांना तिने तोच प्रश्न विचारला. ते म्हणाले, "आक्का, आजारी माणसाला, बाळंतिणीला, म्हाताऱ्याला शास्त्राने सवलत दिलेली आहे. ती घेणं म्हणजे व्रत मोडणं नव्हे. सवलत असून न घेणं हा मात्र हट्ट. महाराजांना हट्ट चालत नाही, तुम्हाला माहीत आहे." मग हसून म्हणाले, "आणि तुम्ही तेरावा अध्याय इतकी वर्षं वाचताय. त्यात महाराजांनी उपाशी ठेवलं की जेऊ घातलं?"

आक्का काही बोलली नाही. पण त्या संध्याकाळी तिने सूनबाईकडून मऊ भात मागून घेतला, मीठ घातलेला.

राहिलेले अध्याय मी वाचले. छत्तिसाव्यापासून पुढचे. ती पलंगावर पडून ऐकत होती आणि माझे उच्चार चुकले की तिथून दुरुस्त करत होती. तेव्हा मला कळलं, बहीण आता खरंच बरी झाली.

यंदाही ती सप्ताहाला बसणार आहे. बीपीची गोळी डॉक्टरांनी बदलली आहे, जेवणात बेताचं मीठ आहे, मुगाचं वरण आहे, आणि चटईखाली सूनबाईने गादी घातली आहे. त्यावर आक्काचा आक्षेप आहे, पण तो ऐकून घेतला जाणार नाही असं दिसतं. मी पहिल्या दिवशी सकाळच्या गाडीने रोह्याला जाणार आहे.

वाचकहो, आपल्याही घरी सप्ताह असेल. बसणाऱ्याच्या ताटात काय आहे आणि मनात काय आहे, हे दोन्ही एकदा विचारून घ्या.

।। अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ।।